घोडीचा चारा

म्हशी विकल्यावर कोडोलीतला आमचा गोठा दोन वर्षं रिकामा होता. वरातीला घोडी पुरवणाऱ्या कोल्हापुरातल्या एकाला शहरात जागा उरली नव्हती. आमची घोडी सांभाळाल का, असं त्यानं विचारलं. त्याच्यामागून आणखी चौघं आले. घोड्यामागं महिना सात हजार ठरला. ठरवताना माझ्या डोक्यात म्हैस होती, ही पहिली चूक.

हरभरा-कोंड्याला तीन हजार, सुकं गवत रोज सत्तरचं म्हणजे एकवीसशे, गड्याच्या पगारातला वाटा दीड हजार. एका घोड्यामागं चारशे उरत. त्यातच दिवाबत्ती आणि पाणी. म्हशीचं दूध तरी घरात येई. दर वाढवून मागायला मात्र जीभ उचलेना, कारण ‘वर्षभर दरात फरक नाही’ असं मीच छाती पुढं काढून सांगितलं होतं.

ऊसतोडीचे दिवस आले. आमच्या फडात वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, ढिगानं पडलं होतं. आमच्याकडच्या म्हशी या दिवसांत त्यावरच असतात. मी निम्मं गवत बंद करून घोड्यांना वाढं घालायला लावलं. घोड्यामागं रोजचे पस्तीस वाचू लागले. आठवड्यानं गडी म्हणाला, ढीग आतून गरम लागतोय, वास पण आंबूस येतोय. म्हशींना कधी काय झालंय का, म्हणून मी त्याला गप्प केलं.

बाराव्या दिवशी सकाळी त्या पहिल्या कोल्हापूरकराची घोडी सारखी पोटाकडं वळून बघत होती, पाय आपटत होती. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून तेल सोडलं आणि फिरवत ठेवा म्हणाले. तोवर घोडीचा मालक आला. आम्ही आळीपाळीनं तिला अंगणात फिरवलं. दुपारी ती बसली, ती उठलीच नाही.

बायकोनं मला आत बोलावलं. डॉक्टरांनी नुसता पोटशूळ लिहिलाय, तुम्ही काही बोलू नका, म्हणाली. त्यानं सात वरातींचा इसार, म्हणजे आगाऊ पैसे, घेतला होता, हे तिलाही माहीत होतं.

बाहेर तो घोडीच्या तोंडावरची मोरखी सोडत होता.

“काल काय खाल्लंतं तिनं?”

मी सांगितलं. ढीग तापल्याचं, गड्यानं बजावल्याचं, पस्तीस रुपयांचंही.

तो बराच वेळ तिच्या आयाळीतून हात फिरवत राहिला.

“पस्तीस रुपयं मागायचं हुतं की, दादा. दिलं असतं मी.”

घोडीचे पैसे हप्त्यानं फेडतो, असं मी म्हणालो. त्यानं मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. जेसीबी बोलावून बांधाकडेला खड्डा काढला. संध्याकाळी उरलेल्या चौघांना फोन करून घडलं ते सांगितलं आणि नवा दरही सांगितला, रोजचे पस्तीस धरून आठ हजार पन्नास. दोघांनी घोडी नेली. दोघं हो म्हणाले. घासाघीस कुणीच केली नाही.