नवाबाचा आवाज

आधी कबूल करा, हसायचं नाही. कबूल? मग सुपारी कातरा आणि ऐका. एवढी शोभा अमरावतीत आजवर कोणत्याच जावयाची झाली नसेल!

कापसाच्या तेजीचे दिवस. तिकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे आम्हा वऱ्हाडातल्या दलालांना शिंगं फुटली. कोणी घोडा घेतला, कोणी कंदील टांगले. मी काय घेतलं? पाखरू! मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं बंदरावरच्या खलाशाकडून आणलेलं. म्हणे याला मकाव म्हणतात. आपल्या पोपटापेक्षा थोराड, अंग हिरवंगार, शेपूट लांबलचक, काळी चोच आणि गाल पांढरे, बिनपिसांचे. रागावलं की ते गाल चक्क लाल व्हायचे! मी नाव ठेवलं नवाब.

नवाबानं आल्या आल्या दाराची चौकट कुरतडली. मग पाट. मग पलंगाचा पाय. एकटं सोडलं की वंगण नसलेल्या गाडीसारखं किंचाळायचं. माझ्या खांद्यावरून हलायचं नाही, आणि बायको जवळ आली की तिच्यावर धावून जायचं. एके दिवशी त्यानं तिची नथच ओढली.

"हे पाखरू राहीन नाहीतं मी राहीन," राधा म्हणाली, आणि गेली अकोल्याला माहेरी.

मला वाटलं, चार दिवसांत येईल. महिना झाला. घरात मी, नवाब आणि कापूस. कापूस तर विचारू नका! मागची खोली आढ्यापर्यंत भरलेली.

आता नवाबाची खरी करामत ऐका. दिवाळीला सासरे येऊन राहिले होते. रोज पहाटे बाहेरून ओरडायचे, "जवाईबापू, दार उघडा!" नवाबानं ते उचललं. तोच घोगरा आवाज, तेच खाकरणं! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंथरुणातून उठून, धोतर सावरत, दार उघडायला धावलो होतो. पुढे मलाही चटक लागली. सासऱ्यांना तोंडावर जे बोलता येत नाही, ते मी नवाबाला बोलायचो. काय मोकळं वाटायचं म्हणता!

तर त्या दुपारी मी बाजारातून आलो. नवाबाची दांडी रिकामी. कापसाच्या खोलीचं दार अर्धं उघडं, आत खुडबुड. म्हटलं, शिरला वाटतं कापसात! आत डोकावलोसुद्धा नाही. धाडकन दार ओढलं आणि कडी घातली.

"राहा आता आतच!"

मग आतून आवाज, "जवाईबापू, दार उघडा!"

"नाही उघडत. काय करता?"

"अवो, मी हाव! तुमचा सासरा!"

मी थक्क! हे तर त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. धावत जाऊन शेजारच्या गुलाबला ओढून आणलं.

"ऐक, ऐक! नवीन बोलून राहिला!"

"कोण हाय तिकडं? दार उघडा!" आतून.

"मामाजी," मी दाराला तोंड लावून म्हणालो, "दिवाळीत महिनाभर चरले, अजून पोट नाही भरलं का?"

आतून एक शिंक. अशी दणदणीत की कडी वाजली!

"शिंकते बी हुबेहूब!" गुलाब पोट धरून खाली बसला. "आणखी बोल ना गा त्याले काही!"

मला काय, हुरूपच आला. "असे सासरे देवानं दुष्मनालेही देऊ नये!"

"राधे! अवं राधे! हा माणूस पिसाळला वं!"

"पाह्य गा, तुह्या बायकोचं नावही पाठ हाय याले!"

"कावून वरडून राहिले तुमी?"

हा आवाज मागून आला. वळून पाहतो तर दारात राधा! कमरेवर घागर. आणि खांद्यावर? खांद्यावर नवाब, तुरीची शेंग सोलत बसलेला!

मी पाखराकडे पाहिलं. मग बंद दाराकडे. पुन्हा पाखराकडे. आतून आणखी एक शिंक आली.

"आमी आलो तं तुमी घरी नव्हते. गाडीवाला बैलायले पाणी पाजाले गेला, तं मी बी इहिरीवर गेली," राधा म्हणाली. "हे पाखरू कसं बिचारं वरडून राहिलं होतं, मले पाह्यलं अन् येऊन बसलं. बाबा कुठं हायेत? कापूस पाह्यतो म्हनले होते."

गुलाब कुठून पसार झाला कोण जाणे! मी कडी काढली.

सासरे बाहेर आले. मिशांत कापूस, भुवयांवर कापूस, पागोट्यावर कापूस. मी पाय धरले. ते बाजेवर बसले, राधेच्या घागरीतलं पाणी प्यायले, आणि त्यांनी नवाबाकडे बोट केलं.

"राधे, या पाखरापायी तू घर सोडलं होतं ना?"

"हो बाबा."

"चुकलं तुहं. दोघायतून एकच ठेवाचं असन तं पाखरू ठेव."

चला, म्हातारा निदान थट्टा तरी करतोय, म्हणून मी धीर करून राधेकडे पाहिलं.

ती विचार करत होती हो!