बिअरचा पीएच आणि शनिवारचा उपास

रिटायर झाल्यावर लोक गार्डनिंग करतात, ब्रिज खेळतात, नाहीतर मंडळाच्या कमिटीवर जाऊन एकमेकांशी भांडतात. मी लंडनजवळ स्लाऊला आमच्या घराच्या गॅरेजमध्ये बिअर बनवायला लागले. मी भूलतज्ज्ञ होते. निरोपाच्या पार्टीनंतर मुलीने होमब्रूचं किट हातात ठेवलं आणि तिच्या मराठीत म्हणाली, "मम्मी, तू सगळी लाइफ लोकांना झोपवला. आता जरा स्लोली झोपव."

घरात पिणारं कोणी नव्हतं. मी ख्रिसमस डिनरला अर्धा ग्लास वाइन घेऊन दोन तास हातात धरणाऱ्यांपैकी. नवरा हृदयरोगतज्ज्ञ, निर्व्यसनी, शनिवारचा कडक उपास करणारा. उपासाचं कारण त्याचे वडील. लहानपणी दर शनिवारी संध्याकाळी ते याच्या हातात तेलाची वाटी देऊन याला मोठ्या भावाबरोबर मारुतीला पाठवायचे. वडील गेले तेव्हा हा इथे ऑन-कॉल होता, शेवटचं दर्शनही झालं नाही, आणि तेव्हापासून त्याने शनिवार धरला. मी त्यावर कधी बोलले नाही. साबुदाण्याच्या खिचडीत किती तूप असतं, हे कार्डिऑलॉजिस्टला मी काय सांगणार?

माझी पहिली बिअर शेजारच्या इंग्रज आजोबांना दिली. त्यांनी एक घोट घेतला, ग्लासकडे पाहिलं आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग." या देशात इतकी वर्षं काढल्यावर मला इंटरेस्टिंगचा अर्थ कळतो. चहाची पिशवी तासभर उकळून गार केल्यासारखी लागत होती ती. जीभ टाळूला चिकटावी इतकी तुरट.

दुसऱ्या खेपेलाही तेच. मग मी वाचायला बसले. बिअर करताना मोड आणून वाळवलेलं जव, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात भिजत ठेवतात. त्या लापशीला मॅश म्हणतात. मॅशचा पीएच साडेपाचच्या खाली, सव्वापाचच्या आसपास हवा. वर गेला की टरफलांतला तुरटपणा पाण्यात उतरतो. आणि आमच्याकडचं पाणी असं जड, की किटलीत महिन्याभरात चुन्याचा थर जमतो. म्हणजे दोष माझा नव्हता, नळाच्या पाण्याचा होता. मला फार बरं वाटलं.

आधी कागदाच्या पट्ट्या आणल्या. तांबूस लापशीत पट्टी बुडवली की ती तांबूस होते, बाकी काही कळत नाही. मग पेनाएवढा मीटर मागवला. टोकाला काचेचा नाजूक फुगा, वर छोटा स्क्रीन. आयुष्यभर मी ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांच्या रक्ताचा पीएच बघत आले. तो सात पूर्णांक चारच्या जरा इकडेतिकडे गेला की माझी धावपळ सुरू व्हायची. आता समोर बादली होती. बादलीचे नातेवाईक बाहेर रडत बसलेले नसतात, हा त्यातला मोठा फायदा.

मीटरचे लाड मात्र पेशंटपेक्षा जास्त. आधी त्याला चार आणि सात पीएचच्या द्रावणांत बुडवून खात्री पटवायची. फुगा कधी कोरडा पडू द्यायचा नाही. गरम मॅशमध्ये सरळ बुडवायचा नाही. वाटीत थोडं काढून, वाटी गार पाण्यात ठेवून, निवल्यावर बघायचं. पहिलं रीडिंग आलं पाच पूर्णांक नऊ. मी लॅक्टिक अ‍ॅसिड घातलं. दह्यात असतं तेच, फक्त बाटलीतलं. थिएटरच्या सवयीने झटपट दुरुस्ती करायला गेले आणि आकडा साडेचारवर आला. ती बिअर कंपोस्टच्या ढिगाला पाजली. तेव्हापासून थेंब, ढवळणं, थांबणं आणि पुन्हा मोजणं.

एवढ्यात पुण्याहून सासूबाई आल्या. ऐंशी उलटलेल्या, कान तीक्ष्ण, नाक त्याहून. नवऱ्याने विमानतळावरून येतानाच गाडीतून फोन करून मला दबक्या आवाजात बजावलं, "आईला बिअर सांगू नकोस. जवाचं पाणी म्हण. खोटंही नाही ते."

त्यांना मीटर पहिल्यांदा दिसला तो ओट्यावर.

"हे शुगरचं का गं?"

"नाही आई, आंबटपणा मोजायचं."

"कशाचा?"

"कशाचाही."

त्यांनी लगेच फ्रिजमधून आपण लावलेलं दही काढलं. चार पूर्णांक चार. मग मी दुकानातून आणलेलं. चार पूर्णांक एक. आकडा जितका खाली, तितकं आंबट. "बघ," त्या म्हणाल्या, "मी पहिल्या दिवसापासून सांगत्येय, तुझं दही आंबट असतं." पुढचा आठवडा घरात काही सुटलं नाही. कढी, सोलकढी, इडलीचं पीठ, चिंचेचा कोळ. नवऱ्याच्या वरणातही फुगा बुडाला. तो म्हणाला, "मी जेवतोय." सासूबाई म्हणाल्या, "जेव ना, तुला कोण अडवतंय?" पुण्यातल्या त्यांच्या जावेचं ताक गेली पन्नास वर्षं आंबट होतं, हे शास्त्राने सिद्ध करण्यासाठी त्यांना आणखी एक मीटर कुरियरने पाठवायचा होता. तो बेत मी कसाबसा लांबवला.

त्या शनिवारी मी गॅरेजमध्ये मॅश लावला होता. नवरा वरच्या खोलीत स्तोत्र म्हणत होता. सासूबाई शाल लपेटून आल्या आणि फ्रीझरशेजारच्या खुर्चीत बसल्या. मी वाटीत नमुना काढला, निवू दिला, मीटर बुडवला. पाच पूर्णांक सात. चार थेंब अ‍ॅसिड, ढवळलं. पुन्हा वाटी. पाच पूर्णांक पाच. आणखी दोन थेंब.

"काय करत्येस?"

"जवाचं पाणी, आई. किडनीला चांगलं."

त्यांनी भांड्यावर वाकून वास घेतला. मग म्हणाल्या, "किती वाजता बिअर होईल?"

माझ्या हातातली वाटी थोडी सांडली.

"अजून तीन आठवडे," मी म्हटलं.

"एवढं काय दचकायचं? तुझ्या सासऱ्यांना दर शनिवारी एक बाटली लागायची. मीच ओतून द्यायची. सोबत खारे दाणे."

"दर शनिवारी?"

"मुलं मारुतीला गेली की. म्हणून तर पाठवायचे. जवळ एक मारुती होता, पण यांनी मुद्दाम लांबचा निवडला."

वरून स्तोत्राचा आवाज येत होता. आम्ही दोघी छताकडे बघत बसलो. मी विचारलं, "त्याला माहीत नाही?"

"कोणी विचारलंच नाही मला. तो म्हणे बाबांसाठी उपास करतो. मी म्हटलं, करू दे, पोटाला बरं." त्यांनी मॅशच्या भांड्याकडे मान केली. "आकडा बघ तुझा."

पाच पूर्णांक तीन. झाकण लावलं.

संध्याकाळी खिचडीच्या ताटावर त्यांनी स्वतःच विषय काढला. अगदी सहज, मिठाचं भांडं सरकवावं तसा. नवऱ्याचा चमचा थांबला. मला वाटलं आता भांडण होणार. इतकी वर्षं त्याने मनात जे वडील जपले होते, त्यांच्या हातात अचानक बाटली आली होती. आणि खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी हसूही येत होतं, ते मी पाण्याच्या ग्लासात दडवलं.

"मला शेंदूर लावलेल्या मूर्तीसमोर हात जोडायला सांगून स्वतः…" तो थांबला. "कुठली आवडायची त्यांना?"

"थंड," सासूबाई म्हणाल्या.

तो उठला आणि गॅरेजमध्ये गेला. थोड्या वेळाने मी गेले. मॅश गाळून, उकळून, गार करून यीस्ट घातलेलं रसायन बादलीत होतं. तो बादलीशेजारी उभा होता.

"शनिवारी आम्ही परत यायचो तेव्हा बाबा खुशीत असायचे," तो म्हणाला. "आम्हाला मांडीवर घ्यायचे. गाणी म्हणायचे. एरवी कधी नाही. मला वाटायचं, मारुती पावला."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो रडत नव्हता, पण चष्मा पुसायला त्याला जरा जास्त वेळ लागला.

ती बिअर चांगली झाली. तुरट नाही, स्वच्छ, शेवटी जरा कडवट. पहिली बाटली उघडली तेव्हा वार शनिवार होता आणि जव उपासाला चालत नाही, हा खरा प्रश्न पडला. नवऱ्याने पंधरा मिनिटं गंभीरपणे विचार करून उपास गुरुवारवर हलवला. सासूबाईंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, दुसरा घेतला. "त्यांची जास्त कडू असायची," म्हणाल्या. नवऱ्याने आयुष्यातला पहिला अर्धा ग्लास संपवला आणि टीव्हीसमोर झोपला. मी भूलतज्ज्ञ असून त्याला इतक्या लवकर कधी झोपवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नाशिकला मोठ्या भावाला फोन लावला. स्पीकरवर. सगळी हकिकत सांगितली, आवाज गंभीर ठेवून, मोठ्या भावाला धक्का बसू नये अशा बेताने. पलीकडून भावजींचा खोकला, त्यांना हसू लपवायचं असलं की येतो तो.

"अरे, तेलाची वाटी तुझ्या हातात असायची," ते म्हणाले. "माझ्या हातात पिशवी असायची, आठवतं? देवळामागे रद्दीवाला होता. तू प्रदक्षिणा घालायचास तेवढ्यात मी आदल्या शनिवारची रिकामी बाटली देऊन यायचो. त्या पिशवीत काय असतं असं तुला वाटायचं?"

नवऱ्याने स्पीकर बंद करून फोन कानाला लावला.

"नारळ," तो म्हणाला.