व्हॅक्यूमचा डबा

मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि माझी गाडी जिन्सी मोहल्ल्यातले एक उस्ताद दुरुस्त करायचे. तीस वर्षं त्यांनी मला एकाच वाक्यावर टोलवलं. "मास्तर, पुस्तकात गाडी चालती, रोडवर नाय." गॅरेज हसायचं, मीही हसायचो. मनात मात्र एकेक हसू धरून ठेवत होतो.

गाडी वडिलांची, जुनी अँबॅसिडर. मध्ये कंटाळून मी तिला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतलं होतं. निवृत्त झाल्यावर वाटलं, वडील चालवायचे तशीच ती पुन्हा व्हावी. जपून ठेवलेले मूळचे भाग घेऊन मी उस्तादांकडे गेलो. त्यांना नुकताच अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हात सावरला होता, तोंडाची डावी बाजू उतरलेलीच होती.

डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग, बसला. पोस्टकार्डाची घडी सरकवून त्यांनी त्यातल्या पॉइंटची फट लावली. राहिला व्हॅक्यूमचा डबा. डेल्कोला चिकटलेली ही पत्र्याची डबी, आत रबरी पडदा. इंजिन नळीतून हवा ओढतं, पडदा सरकतो आणि ठिणगी जरा आधी पडते. पडदा धड आहे का, हे उस्ताद तोंडानं बघत. नळीतून हवा ओढायची आणि भोकावर जीभ टेकवायची. जीभ धरून राहिली तर पडदा चांगला, सुटली तर फाटला. दुसरे मिस्त्रीही डबे घेऊन त्यांच्याकडेच यायचे. उस्तादांनी सांगितलं की विषय संपला.

त्यांनी तीनदा ओढलं. "पडदा गेला, मास्तर."

मला दिसलं होतं. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हवा आत शिरत होती, तिथला थुंकीचा फेस हलत होता. माझ्या सातवीतल्या ढ पोरालाही कळलं असतं. मी म्हणालो, "तुम्ही म्हणताय म्हणजे गेलाच."

"कापून बघू का? कापला की परत बसत नाय हा."

"कापा."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं म्हणतात ते हेच. असा डबा आता मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मला उस्ताद चुकलेले बघायचे होते, आणि तेही चारचौघांत.

त्यांनी करवतीनं डबा कापला. आत पडदा अखंड. त्यांनी तो उन्हात धरला, फिरवला. "बारीक भोक असंल," म्हणाले.

गॅरेजात पैठणहून आलेली दुसरी अँबॅसिडर उभी होती, ब्रेकच्या कामासाठी. मी तिची व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून सोडवली आणि त्यांच्या हातात दिली. "एवढा बघा, उस्ताद."

त्यांनी ओढलं. "हा बी फाटला."

"काय बोलता चाचा," तिचा ड्रायव्हर म्हणाला, "पैठणवरून मख्खन आली गाडी." दोन मिस्त्री माना खाली घालून हसले.

मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "दोन्ही पडदे धड आहेत. हवा तुमच्या तोंडातून गळतेय." मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

उस्तादांनी ओठाचा कोपरा चिमटीत धरला आणि पुन्हा ओढलं. जीभ नळीला चिकटून राहिली. ती त्यांनी लगेच सोडवली नाही. मग नळी सदऱ्याला पुसून जागच्या जागी लावली.

"तुमाला कवा दिसलं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच वेळी."

"कापायच्या आधी?"

"हो."

मिस्त्री हसायचे थांबले. उस्ताद कापलेल्या डब्याकडे बघत होते.

"माझी जिरवायची व्हती तर जिरवायची, मास्तर. पण ही चीज तुमच्या वडलांची व्हती. एक शबद बोलले असते, तर मी करवत खाली ठेवली असती."

दोन्ही तुकडे त्यांनी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले, हात धुतले आणि जेवायला घरी गेले. त्यानंतर ते गॅरेजला आलेच नाहीत.