सासूबाईंचा कोरियातला सूर्य

सासूबाईंना काचबिंदू झाला होता. त्या आमच्याकडे काही महिने राहायला आल्या होत्या, तेव्हा शारजातल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरली आहे ती थेंब घालून जितकी टिकेल तितकी टिकवायची. घरी आल्यावर त्या बाल्कनीत मटार सोलत बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "सूर्य समुद्रातून वर येताना बघायचा तेवढा राहिला."

"आई, समुद्रावर रोज तर बघता तुम्ही सूर्य," मी म्हटलं.

"तो बुडताना. कोकणात बुडताना, इथेही बुडताना. जन्मभर त्याची पाठच बघितली. एकदा तोंड बघायचंय."

मी तेव्हा पंचेचाळिशीची होते आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. आज मी सासूबाईंच्या त्या वेळच्या वयाची झाले आहे. त्या पंचेचाळिशीच्या बाईला आता कुठे भेटले, तर आधी तिच्या हातातला डबा काढून घेईन आणि तिला गप्प एका जागी बसवीन.

आमचे हे अल क्वोज ह्या गोदामांच्या भागात खोदाईच्या यंत्रांच्या स्पेअर पार्ट्सचं गोदाम सांभाळायचे. यंत्रं कोरियातून येत. दोन हजार सालानंतरच्या एका वर्षी विक्री बरी झाली म्हणून कोरियातल्या कंपनीने ह्यांना सहकुटुंब बोलावलं. आधी कारखाना दाखवणार होते आणि मग जवळचं ग्योंगजू नावाचं जुन्या राजांचं शहर. मुलीची बारावीची परीक्षा असल्यामुळे ती मैत्रिणीकडे राहिली आणि तिच्या जागी सासूबाई निघाल्या. ह्यांनी नकाशा पसरून सांगितलं, "आई, ग्योंगजूचा समुद्र पूर्वेला आहे. तुझा सूर्य तिथे."

मुलगी निरोप देताना मला म्हणाली, "मॉम, प्लीज डोन्ट ओपन द डबा एव्हरीव्हेअर."

मी तो डबा ग्योंगजूतल्या पहिल्याच दिवशी उघडला. गावाच्या मध्यभागी हिरवेगार, गुळगुळीत, घराहून उंच उंचवटे आहेत. एकापुढे एक. कोणीतरी प्रचंड इडल्या उलट्या टाकून त्यांवर लॉन लावावं तसे. झाडांना नुकती फुलं आलेली, पोरंपोरी जोडीने फोटो काढत होती. मी म्हटलं, काय सुंदर बाग आहे. एका उंचवट्याच्या सावलीत चादर अंथरली, थालीपीठं काढली, लोणच्याची बाटली काढली. आमची गाइड, एक सडपातळ हसरी मुलगी, लगबगीने आली आणि अगदी अदबीने इंग्रजीत म्हणाली, "मॅडम, आत राजा आहे."

"कुठे?"

"तुमच्या पाठीमागे. दीड हजार वर्षांपूर्वी पुरलेला."

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. सासूबाईंनी मात्र आपलं थालीपीठ संपवलं, हात पुसले आणि म्हणाल्या, "राजाला विचारायला हवं होतं, लोणचं चालतं का."

मला ते मुळीच हसण्यासारखं वाटलं नाही. थडग्याशेजारी जेवलो, आता अंघोळ केल्याशिवाय कशाला शिवायचं नाही, असं मी जाहीर केलं. हॉटेलवर गेल्यावर ह्यांना, सासूबाईंना आणि चादरीलासुद्धा अंघोळ घातली. इथे जरा खुलासा करायला हवा. मी गावाला असताना इतकी सोवळी नव्हते. शारजाला आल्यावर झाले. तिथे नदी नाही, आजूबाजूला देऊळ नाही, सांगणारं वडीलधारं कोणी नाही, म्हणून आम्ही बायका कॅसेट लावून पूजा करायचो आणि जे आठवत नाही ते ठामपणे सांगायचो. मी सगळ्यांत ठामपणे सांगायची, त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये शास्त्रातलं मला कळतं असं ठरून गेलं होतं. सासूबाई खऱ्या गावच्या. त्यांना असली भानगड नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच गाडी किनाऱ्यावर पोचली. थंडी मी म्हणत होती. सासूबाईंनी शालीखालून पाण्याने भरलेला तांब्या काढला, अर्घ्य द्यायला. पूर्वेकडे समुद्राच्या कडेला जरा तांबूस झालं होतं. वाळूवर काही बायका मेणबत्त्या लावून, पुढे नासपती आणि सुकी मासळी मांडून हात जोडत होत्या. सासूबाई खूश झाल्या. "बघ, ह्याही समुद्राला पुजतात."

तेवढ्यात गाइड समोरच्या पाण्यातल्या काळ्या खडकांकडे बोट दाखवून सांगू लागली. इथल्या एका राजाने सांगून ठेवलं होतं, मेल्यावर मी समुद्रातला ड्रॅगन होऊन देशाचं रक्षण करीन. म्हणून त्याची राख त्या खडकांत ठेवली असं मानतात.

राख हा शब्द ऐकला आणि माझ्यातल्या शास्त्रीबाई जाग्या झाल्या.

"आई, इथे नको. हे स्मशान आहे."

"अगं, समुद्र आहे."

"समुद्रातलं स्मशान. त्याच्याकडे तोंड करून अर्घ्य देतात का कोणी? थोडं पुढे जाऊ, खडक दिसणार नाही अशा जागी."

"सूर्य खडकाच्या मागूनच येणार ना? त्याला तू पुढे सरकवणार का?"

हे म्हणाले, "अगं, राहू दे ना." मी म्हटलं, "तुम्ही मध्ये पडू नका." हे पडले नाहीत. त्यांना सवय होती.

सासूबाईंना वाळूत भराभर चालवेना, म्हणून मी त्यांना वरच्या रस्त्यावर घेतलं. रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूला माशांच्या हॉटेलांची रांग. बाहेर काचेच्या टाक्यांत जिवंत मासे आणि खेकडे. मला वाटलं, रांग आत्ता संपेल. ती संपेना. एक हॉटेल झालं की दुसरं. मी त्यांचा हात धरून ओढतेय, त्या तांब्यातलं पाणी सांडू नये म्हणून जपून पावलं टाकतायत, आणि आमच्या उजव्या हाताला भिंतींच्या मागे आकाश पिवळं होत चाललंय. शेवटी एका बोळातून पलीकडे आलो तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. पांढरा, डोळ्यांना खुपणारा, रोजचा.

सासूबाईंनी त्याला अर्घ्य दिलं. परत येताना एका टाकीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हे मासे आपल्याकडच्या मोरीसारखे दिसतायत." मोरी म्हणजे छोटे शार्क. मला वाटलं, चला, फार काही बिघडलं नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी माणसाला इतकंही कळत नाही, हे मला पटत नाही, पण साक्षीदार मीच आहे.

पुढच्या पहाटे पाऊस होता. त्याच दिवशी आमचं विमान.

शारजाला आल्यावर सासूबाई शेजारणींना सगळं सांगायच्या. इडल्यांसारखी थडगी, पुरणासारखं सारण भरलेले गोड पाव, हॉटेलातली गरम जमीन. सूर्याचं नाव काढायच्या नाहीत. थेंब घालताना मी विचारायची, "आई, आता कसं दिसतंय?" त्या म्हणायच्या, "कडेचं जातंय. मधलं आहे." पुढच्या महिन्यात त्यांचा व्हिसा संपत होता. त्या गावी जाणार होत्या, आणि पुन्हा येणार नव्हत्या हे सगळ्यांना माहीत होतं.

एका संध्याकाळी जेवताना मी मुलीला कोरियातल्या पहाटेची गोष्ट सांगितली, माझा भाग थोडा कमी करून. तिने चमचा खाली ठेवला.

"मॉम, फुजैरा फेसेस ईस्ट. खोर फक्कान फेसेस ईस्ट. यू पीपल वेंट टू कोरिया फॉर धिस?"

हे घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. दहा वर्षं आम्ही ह्या देशात राहत होतो. खोर फक्कानला दोनदा सहलीला गेलो होतो, दोन्ही वेळा दुपारी, बिर्याणी घेऊन. माझ्या लेखी अमिरातीतला समुद्र म्हणजे सूर्य बुडायची जागा. डोंगरांपलीकडे देशाला दुसरा किनारा आहे आणि तो उगवतीकडे तोंड करून आहे, हे डोक्यात कधी आलंच नाही.

"यल्ला," सासूबाई म्हणाल्या. 'चला' ह्या अर्थाचा हा एकच अरबी शब्द त्या बोलायच्या. "शुक्रवारी जाऊ."

शुक्रवारी अंधारात निघालो. डोंगर ओलांडून खोर फक्कानला पोचलो तेव्हा किनाऱ्यावर दोन कोळी जाळं आवरत होते, बाकी कोणी नाही. सासूबाई साडी वर खोचून घोट्याएवढ्या पाण्यात गेल्या. मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि, हे मुद्दाम लिहिते, काहीही बोलले नाही.

आधी एक तांबडी रेघ आली. मग कड. मग तो पाण्यातून सुटा होऊन वर निघाला. सासूबाईंनी ओंजळीत समुद्राचंच पाणी घेतलं आणि सोडलं. मग हात खाली करून बघत राहिल्या. तो तांबड्याचा केशरी झाला, केशरीचा पिवळा, तरी त्या हलेनात.

"आजी, डोन्ट लूक स्ट्रेट ॲट इट," मुलगी म्हणाली. "डोळ्यांना वाईट असतं."

"हो का?" त्या मान न वळवता म्हणाल्या. "मग कशासाठी राखून ठेवू?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच 'राहू दे' म्हटलं. सूर्य नुसत्या डोळ्यांनी बघवेना इतका वर आला तेव्हा त्यांनी आपण होऊन तोंड फिरवलं, मला हात द्यायला सांगितला आणि विचारलं, "इथे चहा कुठे मिळतो?"