मीनटाइमवाले काका

रिकाम्या वेळेचा आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका छळ अख्ख्या बेंगळुरूत कुणी केला नसेल. सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, बनशंकरीत पस्तीस वर्षं मुरलेले हे गृहस्थ दोन कामांच्या मध्ये सापडलेली पाच मिनिटंसुद्धा जिवंत सोडत नसत. "इन द मीनटाइम" हे त्यांचं पालुपद. कुकरच्या पहिल्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये त्यांची दाढी व्हायची. रिंग रोडच्या सिग्नलला रिक्षा थांबली की पिशवीतून मटार निघायचे, सोलण्यासाठी. पुतणीच्या लग्नात भटजी अंतरपाट शोधत होते, तेवढ्यात काकांनी आवाज करणारा पंखा दुरुस्तीला उघडला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, नवरदेव घामाने निथळला, पण पंखा काही जोडून झाला नाही.

एकदा आम्ही दोघं बससाठी उभे होतो. "मीनव्हाइल कॉफी घेऊ या," असं माझ्या तोंडून गेलं आणि काका दुखावले. बस येईपर्यंत आपल्या हातात आहे तो मीनटाइम, त्याचा उपयोग करता येतो. आणि आपण इथे उभे असताना बस तिकडे मारतहळ्ळीला अडकली आहे, ते मीनव्हाइल, त्याला आपण काही करू शकत नाही, असं त्यांनी मला बैजवार समजावलं. ते माझ्या डोक्यात शिरेपर्यंत आमची बस येऊन निघूनही गेली.

गेल्या वर्षी काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. चार तास लागणार होते, म्हणून काका शब्दकोडी, पेचकस, बिघडलेला रेडिओ अशी पिशवी भरूनच आले होते. ती त्यांनी उघडलीच नाही. काकूंचा चष्मा हातात धरून ते दाराकडे बघत बसले. कॉफी आणू का, असं मी दोनदा विचारलं.

"नको रे," ते हळूच म्हणाले. "मी इकडे कशात गुंतलो, आणि तिकडे तिला..." मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

काकू बऱ्या होऊन घरी आल्या. परवा संध्याकाळी गच्चीत गेलो तर दोघं कठड्यापाशी खुर्च्या टाकून बसले होते. काकांच्या हातात काहीच नव्हतं. ते खाली पाण्याची मोटर बंद करायला गेले, तेव्हा काकू म्हणाल्या, "लग्नाला चाळीस वर्षं झाली. माझ्याजवळ नुसतं बसायला आत्ता कुठे लागलेत."