छतावर सूर्य, समोर भाऊ

आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत सोलरवर चार मीटिंगा झाल्या. निष्पन्न काय, तर चहा. शेवटी म्हटलं, वेल्डिंगच्या ठिणग्या खात वर आलेला माणूस मी, डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला काही पटायचं नाही. चाकण पट्ट्यातल्या एका गावाने वाचनालयाच्या छतावर सोलर बसवलाय आणि रविवारी लोकांना दाखवतात, असं कळलं. निघालो. गावाचं नाव सांगत नाही, मला तिकडे पुन्हा जायचंय.

तुम्हीही रविवारीच जा. इतर दिवशी मोशीच्या पुढे गाडी चालवायची नसते, ट्रेलरच्या मागे उभी करायची असते. कुरुळीला मिसळ खा. रात्रपाळी सुटलेली पोरं जिथे गर्दी करतात तीच टपरी निवडा. स्वस्त आणि झणझणीत.

वाचनालयात ग्रंथपाल सुनंदाताई भेटल्या. बिलाच्या धाकाने गावच्या शाळेतले पंखे बंदच असतात. तिथेही सोलर बसवायचा का, हे दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत ठरणार होतं. म्हणून गाव आधी इथला बघायला आलेलं.

गच्चीवर जमलो. भर उन्हात मीटरवरचा आकडा मात्र रांगत होता.

"सरकारी ऊन असंल," एक आजोबा म्हणाले. लोक हसले. ताईंचा चेहरा उतरला.

"एका पॅनेलवर सावली पडली तरी अख्खी रांग मंदावते," त्या म्हणाल्या.

सावली कुणाची ते सगळ्यांना दिसत होतं. कठड्यावर भलामोठा फ्लेक्स होता: 'सौरक्रांतीबद्दल भाऊंचे हार्दिक अभिनंदन'. आणि फोटोतले गावपुढारी, खुद्द भाऊ, शेजारीच उभे! एकदम सगळ्यांना लांबचा डोंगर बघावासा वाटला.

"फ्लेक्स कशाला हलवायचा?" भाऊ म्हणाले. "पॅनेलंच जरा तिकडं सरकवा की."

मी पुढे झालो. "भाऊ, फोटो झकास आलाय. पण इथं तो बघतंय कोण? कावळे. खाली चौकात लावा, येताना बघितलं, कंपन्यांच्या सगळ्या बस तिथंच थांबतात."

भाऊंनी चौकाकडे पाहिलं, कावळ्यांकडे पाहिलं. "व्हय राव!"

फ्लेक्स उतरला आणि आकडा उसळला. आजोबा मीटरवर वाकले. "आरं, हे तर खरंच चालतंय! मग शाळंला का न्हाई?"

घरी पोचलो तर सोसायटीची पाचवी मीटिंग रंगात आलेली. पॅनेलं ठरली नव्हती, उद्घाटनाच्या पाटीवर नावं कोणत्या क्रमाने येणार यावर भांडण चालू होतं. काय बघितलं, हे मला कुणीच विचारलं नाही.

सोमवारी ताईंचा फोन आला. ठराव एकमताने मंजूर! छतावर फ्लेक्स लावायचा नाही, ही अट खुद्द भाऊंनी सुचवली म्हणे. त्या दूरदृष्टीबद्दल त्यांच्या अभिनंदनाचा नवा फ्लेक्स चौकात लागलाय, पहिल्यापेक्षा मोठा.

लागू दे. बसची वाट बघणाऱ्यांना तिथे सावलीच नव्हती.