आंबवलेल्या चहाची बाटली

गिरीज गावात आमच्या वाडीला लागून एक निवृत्त मास्तर राहतो. तो बरणीत चहा आंबवतो आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो. माझी बायको गेल्यावर महिन्याभराने त्याने मला त्या चहाची बाटली दिली. "काका, पहिल्यांदा घोटभर. घोटभरच हं."

मी म्हटलं, "मास्तर, ताडीवर वाढलोय मी." आणि सकाळीच, ताडी पितात तशी, सगळी बाटली रिकामी केली. दुपारपर्यंत पोट ढोलासारखं फुगलं, डोकं ठणकायला लागलं, संडासाच्या फेऱ्या सुरू झाल्या.

मास्तर धावत आला. "जेवला काय होता? काय होता जेवला?"

मी कूस बदलली. त्याने आत जाऊन कोरडी भांडी बघितली, काही न बोलता पेज शिजवली आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिला. माझी बायको अशीच बसायची, पदराने माशा वारत.

या गोष्टीला तीन महिने झाले. मास्तर रोज कुंपणावरून हाक मारतो, "काका, पोट कसं आहे?"

पोट दुसऱ्याच दिवशी बरं झालं होतं. मी सांगतो, "अजून थोडं दुखतंय."